बी विंग, ३०२

१२ जून २०२५, गुरुवार

बँकेचं पत्र आलं. शेलू स्टेशनच्या पलीकडचा अर्धवट राहिलेला गृहप्रकल्प. बी विंग, तिसरा मजला, ३०२. कार्पेट ४०० चौरस फूट. कर्ज थकलेलं. सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली नोटीस बजावून प्रतीकात्मक ताबा घेतलेला. लिलावाआधी मूल्यांकन हवं.

फॉर्म नेहमीचा. बाजारमूल्य, वसूलयोग्य मूल्य, डिस्ट्रेस म्हणजे घाईच्या विक्रीचं मूल्य. 'इमारत पूर्ण आहे का?' यापुढे हो किंवा नाही लिहिण्यापुरती जागा.

१३ जून

कागद वाचले. करार २०१६ चा, साडेसतरा लाखांचा. ताबा डिसेंबर २०१८ ला द्यायचा होता. मे २०१७ मध्ये गृहप्रकल्पांसाठीचा रेरा कायदा पूर्ण लागू झाला, चालू प्रकल्पांना ३१ जुलैपर्यंत नोंदणी करायची होती. बिल्डरने केली. तेव्हा पूर्णत्वाची नवी तारीख टाकली, डिसेंबर २०२०. पुढे मुदतवाढ. त्यापुढे काही नाही. नोंदणी संपलेली.

कर्जाचे हप्ते स्लॅबप्रमाणे सुटले. शेवटचा २०१९ मध्ये. बँकेच्या लेखी ९५ टक्के रक्कम दिली गेली. काम किती झालं ते उद्या बघायचं.

१४ जून, शनिवार

सकाळची कर्जत लोकल. वांगणीनंतर डबा रिकामा. माथेरानचा डोंगर अर्धा ढगात.

स्टेशनवरून रिक्षा. डांबर संपतं तिथे रिक्षावाला थांबला. "पुढे चाक रुततं." पायी गेले. अठरा मीटरचा रस्ता नकाशात आहे. जागेवर मुरूम, खड्डे, मध्ये एक ओढा. ओढ्यावर पाइप टाकून माती लोटलेली.

चार विंग. ए विंगला रंग आहे, लिफ्ट एक चालू. बी विंगला बाहेरून प्लास्टर अर्धं, लिफ्टच्या जागी प्लायवूड ठोकलेलं. सी विंग चौथ्या स्लॅबवर थांबली आहे. डी विंगचा खड्डा खणलेला, त्यात पाणी.

सी विंगच्या माथ्यावर कॉलमच्या सळया उघड्या आहेत. गंज लागलेला. हाताने घासलं तर पापुद्रे सुटले. कॉलमला हनीकोंब दिसतंय, दोन ठिकाणी आतली सळई दिसते. सेंट्रिंगच्या फळ्या कुणी नेल्या, टेकू तसेच. अशा सांगाड्याला लोक 'झालेलं काम' म्हणून धरतात. धरू नये. उघडं काँक्रीट पावसागणिक कमी होत जातं. तपासणी केल्याशिवाय सी विंगची किंमत शून्य लिहायची. पाडावी लागली तर शून्याच्याही खाली.

३०२ ला कुलूप होतं. वॉचमन काकांनी सांगितलं, वहिनी डबे द्यायला गेल्यात, दुपारनंतर येतात. काकांचा पगार कोण देतं विचारलं. "बिल्डरने सोडला चार वर्षांमागे. आता बिल्डिंगवाले देतात."

१५ जून

भाचा आला होता. कल्याणच्या पुढे बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट बघून आलाय. टोकन दिलेलं नाही. ब्रोशर दाखवलं. "मावशी, भाव बरोबर आहे का तेवढं सांग."

म्हटलं, थांब. आधी राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, महारेराच्या साइटवर नोंदणी क्रमांक टाकून बघ. तिमाही अहवाल भरलेत का, किती फ्लॅट विकलेत, जमिनीवर कुणाचं कर्ज आहे, कोर्टात काय चालू आहे. भावाचं नंतर.

त्याचा चेहरा उतरला. त्याला आकडा हवा होता.

१७ जून, मंगळवार

३०२ आतून बघितलं.

जिन्यात कठडा नाही, बांबू बांधलेत. दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर निळे ड्रम ओळीने, प्रत्येकावर फ्लॅटचा नंबर ऑइलपेंटने. डक्टमधले पाइप वरपर्यंत गेलेत, पण कुठल्याच टाकीला जोडलेले नाहीत.

घर मात्र स्वच्छ. कडप्प्याचा ओटा त्यांनी स्वतः बसवून घेतला. खिडक्यांना ग्रिल स्वतःचं. बाथरूमच्या टाइल्स स्वतःच्या. बिल्डरने 'फिटआउटसाठी' म्हणून चावी दिली २०२१ मध्ये. तेव्हापासून राहतात. भोगवटा प्रमाणपत्र, ओसी, नाही. वीज बांधकामाच्या मीटरवरून, सबमीटर लावून.

बाल्कनीच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकलाय, त्याला कप्पी, कप्पीला नायलॉनचा दोर. खाली टँकर आला की कॅन बांधून वर ओढतात. वीस लिटरचा कॅन. दोर जिथे कप्पीत फिरतो तिथे खोबण पडली आहे. वहिनी म्हणाल्या, "पहिला दोर तुटला होता. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं."

फॉर्ममध्ये 'मंजूर नकाशाबाहेरील बदल' असा रकाना आहे. कप्पी तिथे लिहायची नाही असं ठरवलं. पाणीपुरवठ्याच्या रकान्यात लिहिली.

त्यांचे यजमान, दादा, अंबरनाथला कंपनीत होते. अर्धांगाचा झटका आला, नोकरी गेली. कॉटवर पडून होते. उठून बसायला बघत होते. मी नको म्हटलं.

निघताना वहिनींनी विचारलं, "ताई, कितीला जाईल?"

सांगता येत नाही म्हटलं. खरंच सांगता येत नाही. बँकेचं काम बँकेलाच द्यायचं असतं. आणि आकडा अजून माझ्याजवळही नाही.

१८ जून

कल्याणला भाडं आणि इकडे हप्ता, दोन्ही पाच वर्षं भरलं या माणसांनी. पासबुक त्यांनी आपणहून दाखवलं. एकही हप्ता चुकलेला नव्हता. झटक्यानंतर चुकायला लागले.

थकबाकी १३ लाख ६० हजार.

२० जून

सातबारा, फेरफार, एन. ए. आदेश, सर्च रिपोर्ट. जमीन विकसन करारावर. शेतकऱ्याला ए विंगमध्ये तीन फ्लॅट द्यायचे होते, दिलेत. 'इतर हक्कां'त एका वित्तसंस्थेचा बोजा, जमीन आणि न विकलेल्या फ्लॅटवर.

ए आणि बी मिळून ५६ फ्लॅट. विकलेले किंवा शेतकऱ्याला दिलेले ३४. न विकलेले २२. आज राहणारी कुटुंबं १९.

२१ जून, शनिवार

पूररेषा बघायला पाटबंधाऱ्याचे नकाशे काढले. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा शंभर वर्षांतून. भूखंड दोन्हींच्या बाहेर. डी विंगचा कोपरा लाल रेषेला लागून.

या पट्ट्यात रेषा विसरून चालत नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी बोटींनी काढले. त्या दिवशी इथे पाणी कुठवर होतं ते वॉचमन काकांना फोन करून विचारलं. "ओढ्याच्या या काठापर्यंत. इमारतीत नाही. पण दोन दिवस बाहेर पडता नाही आलं."

लिहिलं: घर कोरडं, वाट बंद.

२४ जून

इंडेक्स टू, नोंदणी झालेल्या व्यवहारांची सूची, काढली. दोन किलोमीटरच्या आतल्या, पूर्ण झालेल्या, ओसी मिळालेल्या इमारतींचे गेल्या वर्षातले व्यवहार. भाव चौरस फुटाला पाच हजाराच्या आगेमागे. ३०२ पूर्ण असती तर वीस लाख.

याच प्रकल्पातला नोंदणी झालेला पुनर्विक्रीचा व्यवहार: एकही नाही. ज्यांनी विकलं त्यांनी कुलमुखत्यारपत्रावर विकलं. सूचीत त्याचा भाव सापडत नाही.

म्हणजे लिलावात जो भाव लागेल तोच इथला पहिला नोंदलेला भाव असणार. पुढच्या प्रत्येक व्हॅल्युएशनमध्ये तो पहिल्या ओळीत येईल.

हे लक्षात आलं आणि कामातून उठले. चहा केला. प्यायले नाही.

२५ जून

या एप्रिलपासून रेडी रेकनर वाढला, राज्यात सरासरी ३.८९ टक्के. तो मुद्रांक शुल्काचा आधार. रस्ता, पाणी, ओसी नसलेल्या घराचं बाजारमूल्य त्यात शोधायला जाऊ नये. बँकेच्या फॉर्ममध्ये तुलनेपुरता लिहिला.

२७ जून, शुक्रवार

बँकेतून फोन. "मॅडम, पूर्ण इमारत धरून किंमत टाका ना. कर्ज देताना तशीच धरली होती. फाइल सरळ होते."

मी म्हटलं, जी लिफ्ट नाही ती धरता येत नाही.

"मग शेरा टाका."

वीस लाख मोठ्या अक्षरात आणि लिफ्ट नाही हे शेऱ्यात. घेणारा मोठं अक्षर वाचतो. नाही म्हटलं.

२८ जून

आज दुसऱ्या बाजूने फोन. शेलूचा एजंट. माझा नंबर कुठून मिळाला कळलं नाही. "सात-आठच्या वर तिथे कोण जातो मॅडम? पार्टी तयार आहे. तुम्ही आठ धरलेत तर सगळ्यांचंच काम होईल."

फोन ठेवला. बँकेला लेखी कळवलं की असा फोन आला.

रात्री झोप नीट नाही. आठ लाखांना गेलं तर कर्ज फिटत नाही. साडेपाच-सहा लाख उरतात आणि घरही जातं.

३० जून

हिशोब मांडला.

बी विंगचं उरलेलं काम: दोन लिफ्ट, अग्निशमन, बाहेरचं प्लास्टर, टेरेसचं वॉटरप्रूफिंग, प्लंबिंगची जोडणी, जिन्याचे कठडे. शिवाय रस्ता, भूमिगत टाकी, सांडपाण्याची एसटीपी, ट्रान्सफॉर्मर यांतला बी विंगचा वाटा. एकूण १ कोटी १२ लाख. फ्लॅट २८. प्रत्येकी चार लाख.

दोन वर्षांनी पूर्ण होईल असं धरलं. वीस लाख दोन वर्षांनंतरचे, बारा टक्क्यांनी आज १५ लाख ९४ हजार. त्यातून चार वजा. ११ लाख ९४ हजार.

कधीच पूर्ण झालं नाही तर? मग फक्त वापराची किंमत. इथलं भाडं तीन हजार. वर्षाचे छत्तीस. सहा टक्क्यांनी सहा लाख.

बारा आणि सहा. त्याच भिंती, तोच ओटा, तोच तिसरा मजला. निम्मी किंमत घराबाहेर आहे. इमारत पूर्ण होईल का, या एका प्रश्नात आहे. आणि त्याचं उत्तर मला फ्लॅटमध्ये उभं राहून मिळणार नाही.

२ जुलै

पाऊस. कुठेच गेले नाही. जुने अहवाल चाळले. माझी नोंदणी संपत्ती कर कायद्याच्या ३४ एबी कलमाखालची. तो कर २०१६ पासून उरला नाही, नोंदणी त्याच कलमाखाली चालते. सहीखाली क्रमांक लिहिताना आज जरा थांबले. लिलावाची राखीव किंमत ठरवण्याआधी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यायचा, असं सरफेसीच्या नियम ८(५) मध्ये आहे. ही सही कुणाला तरी घराबाहेर काढण्याच्या वाटेवरची पायरी आहे. नीटच बांधली पाहिजे.

४ जुलै

रहिवासी संघाच्या सचिवांना फोन केला. ते ए विंगमध्ये राहतात, रेल्वेत आहेत. रविवारी या म्हणाले, मीटिंग आहे.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

ए विंगच्या पार्किंगमध्ये सतरंज्या. चाळीसेक माणसं, बायका पुढे. कुणीतरी साबुदाण्याची खिचडी केली होती, आधी ती हातात दिली. मग विषय.

रेराच्या कलम ८ वर बोलणं चालू होतं. नोंदणी संपली की उरलेलं काम कुणी करायचं ते प्राधिकरण शासनाशी विचारविनिमय करून ठरवतं. पहिला हक्क खरेदीदारांच्या संघाचा. त्यांनी अर्ज केलाय. ३४ पैकी २७ सह्या झाल्यात. उरलेल्यांत दोघे दुबईत, एकाचा पत्ता लागत नाही, बाकीचे घाबरलेले. एक आजोबा म्हणाले, "सही केली आणि काम पण नाही झालं, तर आम्ही बिल्डरला मोकळं सोडल्यासारखं होईल."

एका तरुणाने भरपाईच्या आदेशाची प्रत दाखवली. व्याजासह पैसे परत, स्टेट बँकेच्या कर्जदराच्या वर दोन टक्के. वसुली वॉरंटही निघालं. वसूल करायला बिल्डरच्या नावावर काही सापडेना.

सचिवांनी स्वामी निधीचं विचारलं. केंद्राने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये रखडलेल्या घरांसाठी जाहीर केला, २५,००० कोटींचा. बोरिवलीचा एक प्रकल्प त्यातून सर्वांत आधी पूर्ण झाला. यंदाच्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पात दुसरा निधी आला, १५,००० कोटी, आणखी एक लाख घरांसाठी. "आमचं बसेल का त्यात?"

मी एवढंच सांगितलं: पैसे देणारा कुणीही असो, तो बघणार की उरलेल्या कामाच्या खर्चापेक्षा येणं जास्त आहे का. तुमचं येणं म्हणजे न विकलेले बावीस फ्लॅट.

घरी येऊन वहीत आकडे मांडले. ए आणि बीचं मिळून उरलेलं काम २ कोटी ३ लाख. बावीस फ्लॅट आठ लाखांनी, १ कोटी ७६ लाख. पुरत नाहीत. साडेनऊने, २ कोटी ९ लाख. पुरतात.

आठाला इमारत थांबते. साडेनऊला चालू होऊ शकते.

७ जुलै

मनाला बजावलं. संघाला पुरावं म्हणून आकडा वर ओढायचा नाही. मी ज्यांच्यासाठी लिहिते त्यांत उद्या बोली लावणारा एक माणूसही आहे. तोही कदाचित कल्याणला भाडं भरणारा. त्याला फसवून १९ कुटुंबांचं भलं करता येत नाही.

८ जुलै

परवाच्या मीटिंगमधल्या एका बाईंचा फोन. ए विंग, तळमजला. "ताई, तुम्ही विचारत होतात ना पाण्याचा हिशोब कोण ठेवतं. मीच ठेवते. बघायचाय का?"

१० जुलै, गुरुपौर्णिमा

पाण्याचं रजिस्टर बघितलं. इतक्या वर्षांच्या कामात असा कागद हातात आला नव्हता.

लांब फुलस्केप वह्या, पुठ्ठ्याला कापड चिकटवलेलं. २०२१ पासून. तारीख, टँकरचा नंबर, किती वाजता आला, किती लिटर, रक्कम, कुणी उतरवून घेतला. उजव्या पानावर फ्लॅटवार वर्गणी. पैसे आले की निळी टिकली, उशीर झाला की लाल, पुढच्या महिन्यात मिळाले की लाल टिकलीवर निळी रेघ.

पानं उलटत गेले. निळं, निळं, निळं. मे २०२१ ला लाल बरंच. जूनमध्ये त्यातल्या प्रत्येकावर निळी रेघ. ३०२ च्या रांगेत झटक्यानंतरचे तीन महिने लाल. चौथ्या महिन्यात तिन्हींवर रेघ. शेजारी बारीक अक्षरात: 'डब्यातून वळते केले.'

"म्हणजे?"

"त्या आठवड्यातून दोनदा वॉचमनचा डबा देतात. त्याचे पैसे आम्ही पाण्यात धरतो."

बुडवलेला एकही फ्लॅट नाही. बुडीत असा रकानाच त्यांनी आखलेला नाही.

शेवटच्या पानांवर वॉचमनचा पगार, मुरमाचा खर्च, पंप दुरुस्ती. गेल्या दिवाळीपासून एक नवा रकाना: 'कठडा फंड'. बी विंगच्या जिन्यासाठी. त्यात १ लाख ४६ हजार जमलेत.

बाई पूर्वी उल्हासनगरला कारखान्यात सुपरवायझर होत्या. मला सांगत होत्या, "हिशोब उघडा ठेवला की भांडण होत नाही." वही दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असते. कुणीही येऊन बघतं.

मी फोटो काढायची परवानगी मागितली. त्यांनी आधी वही पदराने पुसली.

११ जुलै

इमारत पूर्ण होईल का, याचा पुरावा कुठे शोधायचा हे मला आता कळतंय. बिल्डरच्या नव्या शपथपत्रात शोधू नये. पैसे नियमित जमा होतात का, त्यांचा हिशोब सगळ्यांना दिसतो का, ते बघावं. काम पुढे नेणाऱ्या संघाला नेमकं तेच करावं लागणार आहे, फक्त रक्कम मोठी.

पाणी चार वर्षं रोज विकत घेऊन जी माणसं एकमेकांना सोडून गेली नाहीत, ती लिफ्टसाठीही एकत्र राहतील, असं मला वाटतं. वाटणं पुरेसं नाही. म्हणून रजिस्टर अहवालाला जोडायचं.

१३ जुलै

भाच्याचा फोन. त्याने साइट बघितली. दोन तिमाही अहवाल भरलेले नाहीत. विक्रीवाल्याने त्याला सांगितलं, सध्या दहा टक्के भरा, करार नंतर करू.

रेराचं कलम १३ सांगितलं: नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. दहापर्यंत मागता येतात. प्रश्न पुढचा आहे. महाराष्ट्राच्या नमुना करारात प्लिंथला ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब झाले की ७० टक्क्यांपर्यंत रक्कम जाते. त्यानंतरचं काम तीस टक्क्यांत व्हायचं असतं. लिफ्ट, पाणी, रस्ता, ओसी, सगळं त्या तीसमध्ये. बिल्डर स्लॅब भराभर का टाकतात आणि नंतर का थकतात, ते इथे आहे.

"मग घेऊ नको म्हणतेस?"

म्हटलं, त्याच बिल्डरने आधी पूर्ण केलेल्या इमारतीत जा. रविवारी जा. लोक काय सांगतात ऐक. मग मला फोन कर.

१४ जुलै, सोमवार

एका ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बी विंगला नेलं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक. तळमजल्याचे कॉलम चांगले. टेरेसखालच्या स्लॅबला गळती, सळईला गंज सुरू. दुरुस्तीत बसेल. चार लाखांच्या हिशोबात थोडी जागा होती, ती संपली. वाढ नको.

सी विंगबद्दल तो फार बोलला नाही. "पावसाळ्यानंतर बघू."

१६ जुलै

आकडा ठरवला.

पूर्ण होण्याची शक्यता पाऊण धरली, न होण्याची पाव. ११ लाख ९४ हजारांचे तीन हिस्से, सहा लाखांचा एक. १० लाख ४५ हजार.

पाऊण हा आकडा कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून त्याची कारणं लिहिली, एकाखाली एक: ३४ पैकी २७ संमती. चार वर्षांचं पाण्याचं रजिस्टर, बुडीत शून्य. बी विंगच्या तपासणीचा निकाल. पूररेषेबाहेरचा भूखंड. उलट बाजूची कारणंही: वित्तसंस्थेचा बोजा, हरवलेले खरेदीदार, रस्ता पंचायतीच्या ताब्यात नाही, सी विंग. यातली कुठलीही गोष्ट बदलली तर आकडा बदलेल, हेही.

वसूलयोग्य मूल्य ९ लाख ४० हजार. डिस्ट्रेस ८ लाख ३५ हजार.

गृहीतकं नेहमी शेवटच्या पानावर जातात, बारीक टायपात. या वेळी पहिल्या पानावर, आकड्याच्या वर.

१७ जुलै

डिस्ट्रेसच्या रकान्याशी बराच वेळ बसले. बँकेने राखीव किंमत तिथून उचलली तर बावीस फ्लॅटचं गणित तुटतं. रकाना रिकामा ठेवता येत नाही. खाली एक परिच्छेद घातला: या प्रकल्पात नोंदणीकृत पुनर्विक्री नाही. घाईच्या विक्रीत आलेला भाव बाजारभाव म्हणून उभा राहील आणि बँकेच्या याच प्रकल्पातल्या इतर तारणांचं मूल्य त्याने खाली येईल. महारेराचा निर्णय येईपर्यंत लिलाव थांबवल्यास वसुली जास्त होण्याची शक्यता आहे.

शेवटचं वाक्य मूल्यांकनकाराच्या कामात बसतं का, यावर विचार केला. बसतं. किंमत कशाने वाढते हे सांगणं माझं काम आहे.

१८ जुलै, शुक्रवार

अहवाल दिला. ऑफिसरने पहिलं पान वाचलं, मग परत वाचलं. "इतकं कुणी लिहीत नाही."

या बँकेची आणखी किती कर्जं त्या इमारतीत आहेत ते विचारलं. त्यांनी संगणकात बघितलं. अकरा.

गप्प झाले.

२२ जुलै

बँकेने दुसरं मूल्यांकनही मागवलं आहे. योग्य आहे. त्या मूल्यांकनकाराचा फोन आला, पाण्याचं रजिस्टर कुठे बघायला मिळेल विचारत होते. पत्ता दिला.

२५ जुलै

सचिवांचा मेसेज. सह्या ३० झाल्या. दुबईचे दोघे आणि सही केली तर बिल्डर सुटेल म्हणणारे आजोबा. प्राधिकरणासमोर उरलेल्या खर्चाचा तपशील द्यायचा आहे, इंजिनिअरच्या सहीने. मी करणार नाही, मी बँकेचं काम केलंय, दोन्हीकडे उभं राहता येत नाही. दुसऱ्याचं नाव सुचवलं.

२७ जुलै, रविवार

भाचा त्या बिल्डरच्या जुन्या इमारतीत जाऊन आला. ताबा दीड वर्ष उशिरा, पण ओसीसकट. सोसायटी झाली आहे, अभिहस्तांतरण झालेलं आहे. पाणी नळाला. लोकांनी चहा पाजला. दोन तिमाही अहवाल का नाहीत हे त्याने लेखी विचारलंय. उत्तर येईपर्यंत टोकन नाही.

आज त्याने भाव विचारला नाही.

२९ जुलै, नागपंचमी

बँकेचं पत्र. लिलावाची तारीख सध्या काढत नाहीत. महारेराच्या सुनावणीनंतर ठरवतील. कर्जदाराने एकरकमी तडजोडीचा अर्ज दिल्यास विचार करतील, असं त्यांना वेगळं कळवलं आहे.

घर वाचलं असं म्हणता येत नाही. तडजोडीची रक्कम कुठून आणणार, माहीत नाही. व्याज चालूच आहे. पण आठ लाखांचा व्यवहार त्या गावच्या सूचीत नोंदला गेलेला नाही. आजची नोंद एवढी.

३० जुलै

नवं काम. टिटवाळा. तीन विंग, एक पूर्ण, दोन थांबलेल्या. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर.

बँकेला कळवलं की फॉर्मसोबत माझं एक पान येईल आणि ते आकड्याच्या आधी लावावं लागेल. त्यात पाच प्रश्न. ओसी कुठे अडली आहे. पूर्ण करायला प्रत्येक फ्लॅटमागे किती लागतील. न विकलेले किती आणि त्यांवर बोजा कुणाचा. संघ आहे का, किती जणांची संमती. सामायिक खर्चाचा हिशोब कोण ठेवतं आणि तो कुणाला बघता येतो.

पाचवा प्रश्न कुठल्याच बँकेच्या फॉर्ममध्ये नाही. यापुढे माझ्या प्रत्येक अहवालात असेल.